बाहुलीचे दीड वार

(मंडळाच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांला बोलायला सांगितले तेव्हा विषय दिला होता ‘टाकाऊतून टिकाऊ’. या विषयावर आपण सगळ्यांनीच शाळेत निबंध लिहिलेले आहेत आणि बहुतेकांनी त्यात एकच प्लास्टिकची बाटली कापून तिची फुलदाणी केलेली आहे. म्हणून आम्ही विषय जरा बेतून लहान केला. आज आम्ही बाहुलीच्या कपड्यांवर बोलणार आहोत. घरी, हाताने, सुईदोऱ्याने शिवलेल्या कपड्यांवर. मागच्या रांगेत हसू आले ते ऐकू आले. हरकत नाही. सरकारी नोकरीतला चाळिशी ओलांडलेला माणूस व्यासपीठावर येऊन बाहुलीच्या पोलक्याविषयी बोलू लागला तर आम्हीही हसलो असतो.

आपल्या पेडणे-डिचोलीच्या भागात बाहुली विकत आणण्याची रीत फार जुनी नाही. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांना विचारा. माडाच्या हिराची जुडी करायची, वर चिंधीचा गोळा बांधून डोके करायचे, काजळाने डोळे काढायचे आणि उरलेली चिंधी गुंडाळायची, की झाली बाहुली. अंगात भरायला सावरीचा कापूस मिळाला तर ती श्रीमंत घरची. आणि शिवणाचा पहिला धडा तर कापडावर व्हायचाच नाही, तो पानावर व्हायचा. फणसाची पाने हिराच्या तुकड्यांनी एकमेकांना टाचून आपण टोप्या केल्या, पत्रावळी लावल्या. टोचायचे, खालून काढायचे, पुन्हा टोचायचे. हा धावदोराच होता, फक्त दोऱ्याच्या जागी हीर होता.

सावंतवाडीची लाकडी खेळणी मात्र काही घरांत असत. त्यात नवल नाही. पेडणे महाल १७८८ पर्यंत वाडीकर भोसल्यांचाच होता. डिचोली त्याच्या सहा-सात वर्षे आधी पोर्तुगीजांकडे गेली. राज्य बदलले तरी सोयरीक, बाजारहाट आणि देवदेवस्की वाडीशी राहिली. तिथल्या चितार आळीत आजही लाकडी फळे, भातुकली आणि बाहुल्या मिळतात. जुनी मराठी ठकी आपण पाहिली असेल: लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली, लुगडेही रंगानेच काढलेले. दिसायला गोड, पण तिचे कपडे बदलता येत नाहीत. पोरी तरीही तिला वरून चिंधी गुंडाळायच्या. आमच्या मते बाहुलीबद्दलची सगळी गोष्ट याच्यात आली. कोरलेले, रंगवलेले लुगडे असतानाही मुलीला तिला नेसवायचेच असते.

इथून थोडे वर, कुडाळजवळ पिंगुळीला, ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्या बाहुल्यांचा पोशाख बघायला मिळाला तर जवळून बघा. लाकडी अंगावर कपडा सैल हवा, नाहीतर दोरीने हात वर होणार नाही. आणि फार सैलही नको, नाहीतर राजा दिसायचा तो गोणपाट दिसेल. हे प्रमाण ज्याच्या हातात बसले तो शिंपीच, मग त्याचे दुकान असो वा नसो.

आता आमच्या घरातली गोष्ट. आमच्या कन्येला मुंबईहून कोणीतरी बाहुली आणली. गुलाबी जाळीचा झगा, मागे वेलक्रो. दोन महिन्यांत वेलक्रोने जाळी ओरबाडून खाल्ली आणि बाहुली उघडी पडली. कन्येने तिला आमचा ऑफिसचा रुमाल गुंडाळला. आम्ही सकाळी रुमाल शोधतो आहोत आणि तो बाहुलीच्या कमरेला. असे चार दिवस झाल्यावर आम्ही उभयतांनी ठरवले की हिला कपडे शिवायचे. आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरचे मशीन घरात आहे, पण त्यांनी पहिल्या मिनिटाला सांगितले की इतके लहान काम मशीनवर होत नाही. मशीनचा पाय बाहुलीच्या बाहीपेक्षा मोठा असतो. तेव्हा हातशिलाई. आणि संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात असतात, तेव्हा हात आमचे.

आमची पदविका स्थापत्यची आहे. नकाशा आणि स्केल ही आमची रोजची भाषा. म्हणून आम्ही आधी बाहुली मोजली. साडेअकरा इंच. ही त्या प्रसिद्ध बार्बीची उंची. ती ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत पहिल्यांदा मांडली गेली आणि तेव्हापासून अशा बाहुल्यांचे हेच माप जगभर चालते. साडेअकराला सहाने गुणा: एकोणसत्तर इंच, म्हणजे पाच फूट नऊ इंच. एकास सहा. जरा उंच बाई आहे, पण हिशेब सोपा आहे. आता गंमत बघा. नऊवारी लुगड्याला सहाने भागले की किती होते? दीड वार. पन्हा अठ्ठेचाळीस इंच धरला तर आठ इंच. म्हणजे दीड वार लांब आणि आठ इंच रुंद अशी पट्टी मिळाली की बाहुलीची नऊवारी तयार, शिलाई शून्य. नऊवारीसारखे शहाणे वस्त्र नाही.

पण पोलक्याला हा हिशेब लागू पडत नाही, आणि इथेच या कामाची खरी खुबी आहे. माप सहाने भागता येते, कापड भागता येत नाही. तुमच्या आमच्या कपड्यात शिवणीसाठी अर्धा इंच सोडतात. त्याला सहाने भागले तर दोन मिलिमीटर उरतात आणि तेवढ्यात धागे उसवून शिवण हातात येते. म्हणून पाव इंच सोडायचेच, टीप घातल्यावर आतून कातरून कमी करायचे. कापडाची जाडीही तशीच. आपल्या अंगावर जे पातळ वाटते ते बाहुलीच्या अंगावर चटईसारखे उभे राहते. मलमल, जुने सुती, झिजलेला हातरुमाल चालतो. कडक टेरिकॉट चालत नाही. नक्षीही भागता येत नाही. लुंगीचा मोठा चौकडा बाहुलीला नेसवलात तर एकच घर पोटभर पसरते. बारीक ठिपका, बारीक रेघ घ्यावी.

आणखी एक गोष्ट आमच्या शेजारच्या वहिनींनी सांगितली. त्यांनी बरीच वर्षे लोकांचे ब्लाऊज शिवले आहेत. त्या म्हणाल्या, “भावजी, हिचं डोकं मानेपेक्षा केवढं आहे बघा. वरून घालायचं काही शिवू नका. मागं उघडं ठेवा, नाडी लावा.” मग त्यांनी बाहुलीचा हात धरून दाखवला. कोपरात वाकत नाही, बोटे फाकलेली. बाही चढवताना बोटे कापडात अडकणार. उपाय: बोटांना कागदाची बारीक पुंगळी घालायची, बाही सरकवायची, पुंगळी काढून घ्यायची. त्या पुढे म्हणाल्या ते आमच्या डोक्यात राहिले. म्हणाल्या, “तान्हं मूल तसंच. ते काही हात पुढं करून बाहीत घालत नाही. म्हणून तर झबलं पुढनं उघडं आणि बंदाचं असतं.” आम्ही बाप होऊन इतकी वर्षे झाली, झबले कितीदा घातले-काढले, पण ते तसे का असते हे आम्हांला बाहुलीमुळे कळले.

या विद्येला जगात कमी लेखले गेलेले नाही, हेही सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये कापडाचा तुटवडा होता. तिथल्या मोठमोठ्या शिंप्यांनी १९४५च्या मार्चमध्ये आपले नवे कपडे माणसांच्या ऐवजी सुमारे ७० सेंटीमीटर उंचीच्या तारेच्या बाहुल्यांना घालून प्रदर्शनात मांडले. बटणे खरीखुरी, काजात जाणारी. आणि ती साडेअकरा इंची बार्बी आली तेव्हा तिचे सुरुवातीचे कपडे जपानमध्ये घरोघरी बसून बायका शिवत होत्या. दुकानात काचेआड लटकलेला झगा पाहून वाटते की तो यंत्रातून पडला. त्याच्या मागे कोणाचे तरी डोळे आणि बोटे असतात. एक पोलके स्वतः शिवले की हे सांगावे लागत नाही. चार इंच कपड्याला आम्हांला दोन संध्याकाळी लागल्या, आणि कन्येने तिसऱ्या दिवशी आपल्या शाळेच्या गणवेशाची बाही उलटी करून आतली शिवण पाहिली. तिने विचारले, “ही कोणी घातली?” आम्हांला उत्तर देता आले नाही.

पोलके झाले, परकर झाला. मग कन्या म्हणाली, “आता हिला आजीसारखं कापड हवं.”

आपल्याकडे लुगड्याला नुसते कापड म्हणतात हे आपल्याला ठाऊक आहे. आमची आई शेवटपर्यंत नऊवारी नेसली. ती गेल्याला दोन वर्षे झाली होती. तिची बाकीची कापडे देऊन झाली; रोजचे एक, फिकट हिरवे, लाल काठाचे, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेले. ते द्यायचे कोणाला हे ठरत नव्हते, आणि खरे सांगायचे तर ट्रंक उघडायचे काम आम्ही दोघेही एकमेकांवर ढकलत होतो. कन्येने मात्र नेमके तेच मागितले. दुसरे हिरवे चालणार नाही. आजीचेच.

आम्ही डिचोलीला दिलेल्या ताईला फोन केला. आईच्या वस्तूवर तिचा आमच्याइतकाच, किंबहुना जास्तच, हक्क. ताई आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, “आईच्या कापडाला कात्री लावणार? बाहुलीसाठी?” आणि फोन ठेवला.

आता इथे दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून सांगतो. माणूस गेल्यावर त्याचे कापड म्हणजे त्याचे अंगच असते काही दिवस. ताईचे चुकले असे आम्हांला तेव्हाही वाटले नाही. दुसरीकडे, आपल्या घरांत जुने लुगडे कधी ट्रंकेत ठेवत नव्हते. ते मऊ झाले की त्याची दुपटी व्हायची, झबली-टोपडी व्हायची, त्यातून उरले की गोधडीत जायचे, आणि गोधडी फाटली की पोतेरे. तान्ह्या मुलाला पहिला कपडा नव्या कोऱ्या कापडाचा घालत नाहीत, आजीच्या जुन्याचा घालतात. त्याला कारणही आहे. जुन्या सुती कापडाची खळ गेलेली असते, आटायचे तेवढे ते आटलेले असते, सुटायचा तो रंग सुटून गेलेला असतो. बाहुलीलाही नेमके हेच लागते. नव्या गडद कापडाचा रंग तिच्या प्लास्टिकच्या अंगावर चढतो आणि मग कशानेही जात नाही. म्हणजे व्यवहाराने पाहिले तर आईचे कापड सगळ्यांत योग्य. पण फोन ठेवलेल्या बहिणीला व्यवहार सांगून चालत नाही.

पंधरा दिवसांनी अष्टमीच्या सुमारास ताई आली. तिच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासाठी ती दरवर्षी अंगडे-टोपडे स्वतः शिवते. त्याच्या उरलेल्या रेशमी चिंध्यांची पुरचुंडी तिने भाचीच्या हातात ठेवली. म्हणजे तडजोड. कन्येने पुरचुंडी उघडली, आत्याचे आभार मानले आणि विचारले, “पण आजीचं?”

ट्रंक शेवटी ताईनेच उघडली. कापड मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसली. मग म्हणाली, “मधलं घे. काठ कापायचा नाही.” कन्या म्हणाली, “आत्या, काठ नसला तर ते कापड कसं?” यावर दोघीही अडल्या. काठ दोन इंची. आठ इंच पन्ह्यात दोन इंच काठ म्हणजे पाव बाहुली लालच झाली असती. मापाने पाहता काठ जेमतेम बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढा हवा. तेव्हा काठाच्या आतल्या भागाची घडी घालून ती मागे दुमडायची आणि बाहेरची किनार तेवढी दिसू द्यायची, असे आम्ही सुचवले. किनारीला धागे निघत नाहीत, म्हणजे ती दुमडून शिवायलाही नको. आणि काठ कापावा लागला तरी एका टोकाचा, आतल्या शेवाचा, जो नेसताना आईच्या कमरेत खोचलेला असायचा आणि कधी कोणी पाहिला नव्हता. पदर अख्खा राहील. पदर राहील म्हटल्यावर ताईने मान हलवली.

कात्री आम्ही पुढे केली ती तिने घेतली नाही. काठ तेवढा दाताने तोडला आणि पुढे हातानेच फाडले. जुने सुती सरळ धाग्यात फाटते. दीड वार जाईपर्यंत त्याचा एकच लांब आवाज आला. कात्रीने कधी कधी तिरपे जाते, फाडलेले तिरपे जात नाही, हे तांत्रिक कारण तिने नंतर सांगितले.

मग बाहुलीला नेसवणे. ते आम्हां कोणालाच येईना, म्हणजे सहाव्या भागात येईना. मोठ्या निऱ्या एका बोटाच्या, या निऱ्या काडीच्या. ताईने केसांची पिन घेतली आणि पिनेवर निऱ्या घातल्या. कासोटा मागे नेला. कन्या विचारत होती, “आजी शेतात जाताना पण असंच?” ताई म्हणाली, “लावणीला आणखी वर खोचायची, गुडघ्यापर्यंत,” आणि तसे करून दाखवले. मग बाजाराला जाताना कसे, सुतकात कसे, जत्रेला पदर कुठून घ्यायची, असे तासभर चालले. आम्ही त्याच घरात वाढलो, पण यातले निम्मे आम्हांला माहीत नव्हते. आईविषयी दोन वर्षांत घरात एवढे बोलणे झाले नव्हते. उरलेले साडेसात वार ताई पिशवीतून घेऊन गेली. त्याची गोधडी करणार म्हणाली. कधी ते म्हणाली नाही, आम्ही विचारले नाही.

इथे एक विषयांतर करतो. हे सगळे ‘मुलींचे काम’ म्हणून मुलग्यांना बाजूला बसवतात, ते आम्हांला पटत नाही, आणि निदान पेडणेकरांनी तरी तसे म्हणू नये. पुनवेला आपल्या तरंगांना लुगडी नेसवतात ती कोण नेसवतो? रात्रभर चालणाऱ्या दशावतारात द्रौपदी होऊन उभा राहतो तो कोण असतो? पुरुषच. पेटाऱ्यातून लुगडे काढून, आरशाच्या तुकड्यात पाहत, कोणाच्या मदतीशिवाय तो चापूनचोपून असे नेसतो की समोर बसलेल्या बायका पाहत राहतात. त्याची उसवलेली बाही तोच शिवतो. बाजारातल्या शिंप्याचे तर बोलायलाच नको. देवासाठी, नाटकासाठी, पैशासाठी पुरुषाने सुई धरली तर चालते आणि घरी बाहुलीसाठी धरली तर हसे होते, याचा हिशेब आम्हांला लागत नाही. आमच्याकडे दाखल्याच्या चौकशीला आलेल्या एका गृहस्थांनी आम्हांला दातात दोरा धरून बसलेले पाहिले आणि परत जाताना सौभाग्यवतींना हळूच विचारले, “साहेबांना बरं आहे ना?”

आता कामाचे बोलतो. कार्यकारिणीने मान्यता दिली आहे. मंडळाच्या मखराशेजारच्या खोलीत तिसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीनंतर दोन मोठी टेबले लावली जातील. ज्या मुला-मुलींना बाहुलीचे कपडे शिवायचे असतील त्यांनी आपापली बाहुली घेऊन यावे. बाहुली नसेल तर हिराची तिथेच करू. हीर आणि कापूस आम्ही आणतो. कापूस नाहीतरी वस्त्रमाळांसाठी घरोघरी आणलेला असतोच. सहा वर्षांखालच्यांनी आपल्या माणसाला सोबत आणावे. सुया मंडळ देईल, दहा नंबरच्या, बारीक. सुईचा आकडा जितका मोठा तितकी ती बारीक, हे दुकानात मागताना लक्षात ठेवा. दोरा हातभरच ओवायचा, त्याहून लांब घेतला की गुंता होतो. पहिल्या दिवशी धावदोरा आणि नाडीचा परकर, एवढेच. पोलके दुसऱ्या बैठकीला. शेजारच्या वहिनी येणार आहेत. आमच्या ताईलाही विचारले आहे. ती ‘बघू’ म्हणाली आहे.

चिंध्या लागतील. चवथीच्या आधी शिंप्यांच्या दुकानांत नव्या कपड्यांची पोतीभर कातरणे साठतात, त्यांना सांगून ठेवले आहे, पण ती बहुतेक जाड किंवा नायलॉनची निघतात. म्हणून घरातली आणा. धुतलेली, सुती, निदान वीतभर लांब. कोणाच्या घरात ट्रंकेत ठेवलेले एखादे जुने कापड असेल आणि ते आणावेसे वाटले, तर आधी घरातल्या सगळ्यांना विचारून आणा. आणलेत तर आतल्या शेवाकडून घेऊ. पदराला हात लावणार नाही.